लाल औषधाचा डबा

रनाळ्याच्या पाटलांकडे विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा सरकारी डबा होता, पण गावात पटकीचं पहिलं मरण नोंदल्याशिवाय सील तोडायचं नाही असा हुकूम होता. नाल्याच्या वरच्या अंगाचं गाव पटकीने निम्मं झालं, तेव्हा पखालवाला कय्युम म्हणाला, “पाटील, मन्हंच नाव लिखा.” पाटलांनी खुशीने लिहिलं. सोमवारी विहीर लाल झाली, गाव वाचलं. फक्त पाटलांना लाल पाणी घशाखाली उतरेना. त्यांच्यासाठी कय्युम नाल्यावरून पखाल भरू लागला. शुक्रवारी त्याची बायको सुरैय्या नवऱ्याचं मरण नोंदवायला आली. तांब्यातून घोट घेत पाटलांनी वही चाळली. “बाई, तो सोमवारीच मरी गया. दोनदा कसा लिखू?” “नका लिखू,” सुरैय्या म्हणाली. “तुमनी पखाल भरता भरता तेस्नी बी तेच पाणी पिधं. एक ओळ कोरी ठेवा.” तांब्या रिकामा झाला होता.