टाकीवरचा ओला हात

टण्.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून एवढासा आवाज आला आणि शिल्पाचा डोळा उघडला. ती उठून बघायला गेली, तर ओट्याखाली गॅसची टाकी तेवढी उभी होती. सकाळी दूध तापायच्या आतच ती संपली होती.

खरंच संपली का, हे बघायला तिने सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे टाकीवरून ओलं फडकं फिरवलं. गॅस असतो तिथवर ओल टिकते, वरचं झटकन सुकतं. बघता बघता टाकी तळापर्यंत सुकली. मधोमध मात्र एका हाताचा ठसा ओला राहिला. चार बोटं आणि अंगठा.

शिल्पाने तो पदराने पुसला. काचेवर श्वास सोडावा तसा तो हळूच पुन्हा उमटला.

चार वर्षांची मुक्ता झोपेतून उठून आली. तिने सरळ आपला तळवा त्यावर ठेवला. ओला हात तिच्या हाताहून जरासा लहान होता.

"गार हाय," ती हसून म्हणाली.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. "वहिनी, रिकामी टाकी आणा," गॅसवाल्याने हाक मारली.

"उद्या नेली तर चालंल का?"

"रिकामी दिल्याबगर भरलेली देता येत न्हाई. मग बसा आठ दिवस चुलीपुढं."

मुक्ताचं दूध अजून कच्चंच होतं. शिल्पाने टाकी दोन्ही हातांनी धरून, अगदी सांभाळून दारापर्यंत आणली. गॅसवाल्याने ती खांद्यावर घेतली.

मुक्ता टेम्पोकडे बघत राहिली.

"आई, आतल्या पोरीला कुणाच्या घरी धाडतीयास?"