दोन बोटं वर

पेणच्या खाडीकाठी कंपनी जमिनीखालचं मीठ पाण्यात विरघळवून वर खेचायची. त्या पोकळीत आपलं नवं घर खचणार, हा एकच घोर हौसाला लागला होता. आज मापं घ्यायला आलेले कंपनीचे साहेब यंत्रातून बघून हसले.

"आजी, घर दोन बोटं वर आलंय!"

"आनी देऊळ?"

"तेही!"

"म्हंजे आख्खा गाव वर आला गो बायांनो!" हौसाने नारळ फोडला. जमलेल्या बायकांनी फेर धरला, साहेबांनाही आत ओढलं.

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. "साहेब, भिंतींना तडे गेलेत, दारं उघडेनात!"

साहेबांनी फेर सोडून मापांची वही उघडली. सगळी मापं त्यांनी ऑफिसच्या पायरीपासून धरली होती; गाव वर आलाच नव्हता, खचली होती ती पायरी.

"घाबरता कशाला?" हौसा म्हणाली. "आना तुमचं हापिस माझ्या ओटीवर!"