हिच्याच आवाजात

एके काळी ओडेसा प्रुइट या कृष्णवर्णीय गायिकेच्या रिदम अँड ब्लूजवर सारं मेम्फिस घाम गळेपर्यंत नाचायचं. पण तिची गाणी लगोलग गोऱ्या गायिकांकडून पुन्हा गाऊन घेतली जायची, आणि रेडिओवर वाजायची ती त्यांचीच. शेवटी वैतागून तिने गाणं सोडलं आणि एका छोट्या कंपनीत ती इतरांच्या रेकॉर्डी करून घेऊ लागली.

त्या दिवशी लुरीन नावाच्या नवख्या कृष्णवर्णीय पोरीचं गाणं असं काही रंगलं, की ड्रमवाल्या रूफसने बाहीने डोळे पुसले. कंपनीचा मालक हॉलोवे रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडून धावतच आत आला.

"झकास! आता हेच गाणं उद्या आपल्या पेगीकडून गाऊन घे. गोरा चेहरा असला की दुकानदार रेकॉर्ड पुढे मांडतात."

लुरीनची मान खाली गेली.

"माझ्या वेळी मी गप्प बसले, मिस्टर हॉलोवे," ओडेसा म्हणाली. "हिच्या वेळी नाही बसणार. गाणं निघेल ते हिच्याच आवाजात."

हॉलोवे हसला. "जागा माझी, यंत्रं माझी. पटत नसेल तर दार उघडंच आहे, बाई!"

"बरं झालं, स्पष्ट बोललात." ओडेसाने कोट चढवला, लुरीनचा हात धरला आणि ती तडक बाहेर पडली. वादकांपैकी कुणालाही तिने हाक मारली नाही.

 

हॉलोवे सिगार पेटवून वळला, तेव्हा वादक आपापली वाद्यं उचलून तिच्यामागोमाग गेले होते. खोलीत उरला होता एकटा पियानो, आणि तोसुद्धा दारातून मावला नाही म्हणून.