ऐंशीच्या आत

"अहो, दीड किलोचाच तर प्रश्न आहे. तुमच्याच हातातला काटा. जरा खाली आणा ना."

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने ताटावरून मान वर केली नाही. "दवाखान्याचा काटा आहे तो. त्यावर इतर बायकाही उभ्या राहतात. त्यांच्याशी खोटं वागू?"

शिंपिणीने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. नवऱ्याच्या सचोटीचा तिला अभिमान होता. आज फक्त तो घशात अडकला.

दवाखान्याचा नियम साधा होता. बाईचं वजन ऐंशीच्या आत आलं, की दोघांच्या तपासण्या, मग मूल होण्याचे उपचार. दोन वर्षं ती ऐंशीच्या उंबरठ्यावर घुटमळत होती. साखर सोडली, पहाटेची झोप सोडली, वाढदिवसाच्या केककडे पाठ करून बसायला शिकली. स्वतःचे कपडे तीनदा आत घेतले. टेप म्हणायची, बाई, निम्मी झालीस की! काटा म्हणायचा, साडेएक्याऐंशी. टेप बिचारी ताणली जाते; काटा दर सहा महिन्यांनी नवरा स्वतः तपासायचा. तिने काट्यावर विश्वास ठेवला आणि संध्याकाळचं जेवणही सोडलं.

गिऱ्हाइकाच्या बाळाचं झबलं शिवून झालं, की कुणी बघत नाही असं पाहून ती ते क्षणभर खांद्यावर टाकायची. थोपटायचीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती डोळे मिटूनच काट्यावर चढली.

"ताई, अठ्ठ्याहत्तर किलो सहाशे!" परिचारिका ओरडली. "गेल्या आठवड्यात काय कमरेला दगड बांधून आला होतात?"

तिचे डोळे भरून आले. नाही नाही म्हणाले, आणि गुपचूप करून गेले!

"त्या काट्याला बोल लावू नका हं," ती हसत म्हणाली.

"अहो, हा नवाच आहे. जुना काल उघडला, तर तीन किलो जास्त दाखवत होता. आतला स्क्रू कुणीतरी मुद्दाम पिळून ठेवलेला. कोण मेलं असं करतं, देव जाणे!" परिचारिकेने जोडप्याची फाईल तिच्यापुढे सरकवली. "चला, आता मिस्टरांच्या तपासणीसाठी सही करा. शेवटचं पान."

शेवटच्या पानावर तपासणीचा निकाल आधीच लावलेला होता. तारीख दोन वर्षांपूर्वीची. शुक्राणू : शून्य. आणि खाली नवऱ्याच्या अक्षरात एकच ओळ : 'निकाल समजला. पत्नीला मीच सांगेन.'