मधमाशीची वाट

टण्.

दुपारच्या शांततेत मिसेस हॅमर्लींच्या हातातली गोळी काचेच्या वाडग्यात पडली. मग दुसरी. हॅलोविनला अजून आठवडा होता आणि बाई आतापासूनच खाऊ वाटायचा सराव करत होत्या.

"माझी रोंडा येईल ना गं? मधमाशी होऊन येते ती. पिवळे-काळे पट्टे, तारेचे पंख."

"येणार म्हणजे! न येऊन सांगते कुणाला?" मार्नी म्हणाली.

ओहायोतल्या त्या वृद्धाश्रमात सणावारांचं सगळं मार्नी बघायची. यंदाचा बेतही तिचाच. गावातली मुलं सोंगं घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडतील, ज्या दारावर कागदी भोपळा असेल तिथे टकटक करतील, आणि आतले आजी-आजोबा त्यांना खाऊ देतील. वर्षभर दुसऱ्याकडून घेणाऱ्या हातांनी एक दिवस तरी द्यावं, एवढंच तिचं म्हणणं.

मिसेस हॅमर्लींवर तिचा जरा जास्तच जीव. सकाळी काय खाल्लं ते बाईंना आठवत नसे, पण लेकीचं लहानपण लख्ख आठवे. "गुणाची पोर. घरात आवाज म्हणून यायचा नाही तिचा," त्या कौतुकानं सांगायच्या. आणि ही गुणाची पोर, आता पन्नाशीची, शेजारच्याच गावात राहून कधी फिरकत नव्हती.

मार्नीनं तिला तिसऱ्यांदा फोन लावला.

"तुमची आई वाट बघतेय तुमची. मधमाशीची."

पलीकडून बारीक आवाजात, "मधमाशी आठवते तिला?"

"पट्टे आठवतात, पंख आठवतात! तुम्हालाच काही आठवत नाही."

"मी येणार नाही."

"एक तास हो! जन्म दिलाय त्या बाईनं तुम्हाला. लाज कशी वाटत नाही?"

"तुम्हाला मुलं आहेत?" रोंडानं विचारलं.

"आहे. सहा वर्षांची."

"मग तिला जपा." फोन बंद झाला.

मार्नीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला शिकवते! स्वतःच्या आईला टाकून दिलंय आणि मला म्हणते, मुलीला जपा!"

औषधांची गाडी ढकलत चाललेली नर्स ओडेसा थांबली. "अगं, शांत हो. लोकांच्या घरातलं आपल्याला काय ठाऊक?"

"ठाऊक काय व्हायचंय? म्हातारी झाली, नकोशी झाली. संपलं!"

त्याच रागात तिनं पिवळं-काळं कापड आणलं. लेक टिली झोपली की शिवायला बसायची. सुई बोटात घुसली की रोंडाच्या नावानं एक शिवी हासडायची.

"मला चेटकीण व्हायचंय!" टिलीनं पाय आपटले.

"पुढच्या वर्षी हो, राणी. यंदा एका आजीचं मन राखायचंय."

हॅलोविनच्या संध्याकाळी सगळा वृद्धाश्रम पोरांनी गजबजून गेला. भुतं, चाचे, एक चालतं-बोलतं केळं. जेवणाच्या टेबलावरही न हसणारे आजोबा केळ्याला सलाम ठोकत होते.

टिलीनं मिसेस हॅमर्लींचं दार वाजवलं. काठी टेकत बाईंनी दार उघडलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? ये, आत ये!" त्यांनी टिलीचा हात धरून तिला आत घेतलं. दार लागलं.

बघ म्हणावं रोंडा, बघ, मार्नी मनात म्हणाली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कुणीतरी सरबताचं भांडं लवंडलं. तिकडे धावावं लागलं. फरशी पुसता पुसता एका भुताचं रडू थांबवावं लागलं.

ती परत आली तेव्हा टिली भिंतीला टेकून उभी होती. एक पंख मोडला होता. पिशवी रिकामी.

"अगं, खाऊ कुठाय?"

"नाही दिला." टिली कुजबुजत होती. "आजी खुर्चीत झोपली, मग मी बाहेर आले."

"बाहेर कुठून?"

"कपाटातून. म्हणाली, दारोदार भीक मागत फिरतेस, आता बस इथे सकाळपर्यंत."

मार्नी खाली बसली.

"आणि म्हणाली, मागच्या वेळेसारखं रक्त येईपर्यंत दार खरवडायचं नाही." टिलीनं आईची बोटं घट्ट धरली. "आई, मागच्या वेळी आत कोण होतं गं?"