चावी कुणाच्या खिशात

बोट वाचलं, नख गेलं. नवसूनं चाकातून हात ओढून काढला आणि दात आवळून तिथंच उकिडवा बसून राहिला. गाडीत स्टिअरिंगमागं बसलेल्या कमळाकरच्या कानाला अजून मोबाइल होताच. मुरबाडला त्याच्या पुतणीची हळद पाच वाजता होती, आणि गाडी कुठवर आली, असं तिकडून कोणीतरी तिसऱ्यांदा विचारत होतं.

"बटण उचललंत तुमी," नवसू म्हणाला. "मी दाबा म्हनलो व्हतो."

कमळाकर म्हणाला, नख काय, पुन्हा येईल. त्याला घाई होती.

शहापूरबाहेर हायवेला लागून नवसूचं गॅरेज होतं. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या पैशातून कमळाकरनं मुंबईहून ही जुनी परदेशी गाडी आणली, तेव्हा मुरबाडात निम्मा बाजार ती बघायला जमला होता. तिला ओढायचा हँडब्रेक नव्हता, त्या जागी एक बटण होतं. दाबलं की ब्रेक सुटायचा. उचललं की मागच्या चाकांतल्या मोटरी घुंईऽ करत फिरायच्या आणि कॅलिपर, म्हणजे चाकामागच्या डिस्कच्या चकतीला दोन्हीकडून धरणारा लोखंडी चिमटा, आवळला जायचा. झिजलेल्या मागच्या डिस्क बदलायच्या तर मेकॅनिकची बोटं त्या चिमट्यातच असणार. म्हणून नवसूचा नियम होता: चाकं परत चढेपर्यंत दारं लॉक आणि चावी त्याच्या खिशात. डॉक्टर असो की फौजदार, सगळे मुकाट्यानं चावी काढून देत.

कमळाकरनं दिली नव्हती. बटणापुरतं सीटवर पेपर टाकून बसतो, असं नवसूनं म्हटलं, तर तेही नाही. बटण मीच चालवीन म्हणाला. डाव्या चाकाचं कसंबसं निभावलं. उजव्याला नवी डिस्क चढली, चिमट्यातले ब्रेक-पॅड बसवायला नवसूनं बोटं घातली, आणि बोलता बोलता या महाशयांनी बटण उचललं.

नवसूनं बोटावर पाणी ओतलं, फडकं गुंडाळलं, कॅलिपर तारेनं वर टांगून ठेवला. मग कमळाकरसमोर हात पसरला.

"चावी द्या. त्याबिगर मी हात घालायचो नाय."

कमळाकर खाली उतरला. पांढरा सदरा, गळ्यात साखळी. त्यानं त्या पसरलेल्या हाताकडं असं बघितलं, की जणू कोणी भीकच मागतंय.

"तुझा बा आमच्या अंगणात उभा राहून भाकर घ्यायचा. कधी ओटीवर चढला नाय. नि तू माझ्या गाडीची चावी खिशात घालनार?"

नवसूनं पसरलेला हात मागं घेतला. बाप गेल्याला सहा वर्षं झाली होती. भिवंडीच्या वर्कशॉपात चार वर्षं घासून हे काम त्यानं शिकून घेतलं होतं, आणि त्याची सगळी मिळकत या दहा बोटांत होती.  तो जाऊन टायरवर बसला आणि विडी पेटवली.

पंधरा मिनिटं तशीच गेली. कमळाकरनं दोन गॅरेजना फोन लावले. असली गाडी म्हटल्यावर दोघांनीही नवसूचंच नाव सांगितलं. तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. चार नटांचं तर काम, मघापासून बघतोय, मीच बसवतो, असं म्हणून त्यानं बाह्या वर केल्या आणि तार काढून कॅलिपर हातात घेतला.

"ब्रेकच्या पायपावर लोंबू देऊ नका. पायप तुटंल," नवसू बसल्या जागेवरून म्हणाला.

कॅलिपर चांगला वजनदार होता. कमळाकरनं तो एका हातानं पेलला, दुसऱ्या हाताची बोटं आत घालून पॅड धरले आणि डिस्कवर चढवायला गेला. चढेना. मघाशी त्यानंच बटण उचलल्यामुळं पॅड दाबणारा आतला पिस्टन पुढं आला होता. तो मागं घ्यायचा तर बटण दाबायला हवं, आणि बटण गाडीत. कॅलिपर सोडावा तर पाइप तुटणार, पुन्हा टांगावा तर तार पायाशी पडलेली. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला.

"बटण दाब," शेवटी तो म्हणाला.

"चावी?"

"खिशातून घे."

नवसूनं विडी विझवली. कमळाकरच्या सदऱ्याच्या खिशातून दोन बोटांनी चावी काढली. मग दार उघडून तेलकट पँटीसकट त्या दुधी रंगाच्या सीटवर ऐसपैस बसला आणि चावी फिरवली. बोट बटणावर ठेवलं.

बाजूच्या आरशात कमळाकर दिसत होता. गुडघ्यावर, मान वर करून, बोटं चिमट्यात. नवसूला वाटलं, उचलावं. अगदी मनापासून वाटलं. चुकून झालं म्हणता आलं असतं, मघाशी झालं होतं तसं. बोटाची ठणक पार खांद्यापर्यंत आली होती.

"नवसूभाऊ," मागून आवाज आला. "दाबायचं हां. दाबायचं."

भाऊ. या घराण्यातल्या कोणी त्याच्या घरातल्या कोणाला असं कधी म्हटलं नव्हतं.

नवसूनं बराच वेळ काही केलं नाही. मग बटण दाबलं. मोटर उलटी फिरली, पिस्टन सुटला. तो उतरला, दारं लॉक केली, चावी खिशात टाकली आणि मागं आला. कमळाकर अजून तसाच होता. बोटं आखडली होती, कॅलिपर त्याला सोडता येईना. नवसूनं खालून हात देऊन तो पेलला.

"उठा, शेट," तो म्हणाला. "आता मी हात घालतो."