औंदाचा मेंढा

तात्याबा पुन्हा सडकेपर्यंत जाऊन आले. अप्पाची मेंढरं अजून दिसत नव्हती.

"मामा, बसा की जरा," सून म्हाळसा म्हणाली. "येत्याल ते. पर आल्यावर त्यांना सांगायचं काय, ते ठरवा. त्यांचा मेंढा आपल्यात सोडायचा न्हाय."

तात्याबा बसले नाहीत. गोठ्याकडं गेले, तिथून विहिरीकडं, परत अंगणात आले.

अप्पा त्यांचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर दोघांनी कळप वाटून घेतला, पण दर दसऱ्याला, कोकणात उतरायच्या आधी, दोघं एकमेकांना एकेक तरणा मेंढा द्यायचे. त्यामुळं दोन्हीकडची मेंढरं एकसारखी राहिली. काळी, काटक, उंच पायांची. शेजारी उभी केली तर कुठलं कुणाचं ते परक्याला कळत नसे.

एक्याण्णव साली तात्याबांनी कळपामागं कोकणात चालणं सोडलं. त्यांच्या शेळगावच्या आसपासची चराऊ रानं उसाखाली गेली होती. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत लागला होता. आता हितंच राहू, असं म्हाळसा म्हणाली आणि त्यांनी ऐकलं. मेंढरांना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. ती वाड्याभोवतीच्या जाळीवरनं उड्या मारून शेजारच्या मुजफ्फरच्या उसात जायची, कोवळे कोंब खायची. मुजफ्फर भला माणूस. तरी एक दिवस तोही म्हणाला, "तात्या, पुढच्या बारीला मी कोंडवाड्यात घालीन. मग मला बोल लावू नगा."

दुसऱ्या वर्षी एका मेंढीला आखूड पायांचं कोकरू झालं. आईचे पाय चांगले लांब, याचे मात्र वीतभर. वाटेवर असते तर तात्याबांनी ते येत्या बाजारात विकून टाकलं असतं. जे कळपाबरोबर चालू शकत नाही, ते पोसायचं कशाला? पण म्हाळसानं ते ठेवून घेतलं. त्याला जाळीवरनं उडी मारता येत नव्हती, एवढंच तिनं पाहिलं. त्याचा मेंढा झाला, तो कळपात सोडला, आणि त्याची निम्मी पिल्लं त्याच्यावर गेली. उड्या मारणारी आधी विकली जाऊ लागली, बुटकी मागं राहू लागली. अप्पानं गेल्या दसऱ्याला दिलेल्या मेंढ्याची पोरं मात्र पुन्हा लांब पायांची निघाली आणि थेट उसात शिरली.

म्हणून औंदा त्याचा मेंढा नको होता. भावाला हे तोंडावर कसं सांगायचं, या विचारानं तात्याबांना आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं, असं घरातले समजत होते.

नात सुकन्या बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आबा, आम्हाला हेच शिकवतात. एखादं पिल्लू जन्मताच जरा निराळं असतं. जागा बदलली की त्याचा उणेपणाच कामाला येतो. मग त्याचीच पिल्लं वाढत जातात."

"आन दोन कळपांनी मेंढं द्यायचं थांबवलं तर?"

"लगेच काही होत नाही. पण हजारो पिढ्या ते मिसळलेच नाहीत, तर इतके वेगळे होत जातात की पुढं एकत्र आणले तरी त्यांना पिल्लं होत नाहीत. मग त्या दोन वेगळ्या जाती झाल्या म्हणायचं."

"आन सुरुवात कशी हुतीया त्याची?"

सुकन्यानं जरा विचार केला. "अशीच. दोघं एकमेकांत मिसळायचं थांबतात."

तात्याबा उठले आणि परत सडकेकडं निघाले.

दुपार कलल्यावर धूळ दिसली. अप्पाचा कळप ओढ्यापलीकडं थांबला. घोडी, कुत्री, खांद्यावर काठी टाकलेला अप्पा. दोरीला एक देखणा उंच मेंढा होता. म्हाळसानं चहा दिला. बराच वेळ दोघं भाऊ पावसापाण्याचं बोलत राहिले.

शेवटी अप्पाच म्हणाला, "दादा, एक बोलायचं हाय. रागावू नगा."

"बोल."

"औंदा तुमचा मेंढा मी नेत न्हाय. गेल्या साली नेला, त्याची कोकरं माघारी येताना घाट चढंनात. पोरांनी खांद्यावर घेतली, घोडीवर बांधली. पर किती घ्यायची? उरलेली खालीच इकून आलो." त्यानं मान खाली घातली. "तुमच्या घरचं रक्त इकलं मी."

म्हाळसानं सुटकेचा श्वास सोडला. आता तात्याबांना काहीच सांगावं लागणार नव्हतं. ती सासऱ्यांकडं बघू लागली. त्यांच्या चेहऱ्यावर मोकळेपणा नव्हता.

"ह्योबी घिऊन जा मग," तात्याबा दोरीकडं बघत म्हणाले. "आमाला त्याचा उपेग न्हाय. पाय लांब हायेत त्याचे."

अप्पानं मान हलवली. ओढ्यापलीकडं मेंढरं उठू लागली होती, पुढची निघायच्या बेतात होती. अप्पा उठला. काठी घेतली. मग नेहमीच्या सवयीनं, जाताना विचारावं म्हणून त्यानं विचारलं, "मग औंदा तुमच्याकडनं काय न्यायचं, दादा?"

तात्याबा आधीच उभे होते.

"मला ने," ते म्हणाले.